बाईच्या वाट्याचा बर्फ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: औलीच्या वरच्या जंगलात मी बर्फ हातात धरला होता. चांगला मूठभर. आमच्या नात्यात, इतवारीतल्या माझ्या भांड्यांच्या दुकानात आणि बाईच्या गावात सगळ्यांना एवढंच ठाऊक आहे की आम्ही पोचलो तेव्हा बर्फ संपला होता. ही बातमी माझी. मीच ती तयार केली, मीच ती वाटली, आणि लोकांनी ती इतक्या सहज घेतली की मला आणखी वाईट वाटलं.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. कुसुम तिचं नाव, पण त्या नावानं तिला हाक मारणारी माणसं आता उरली नाहीत. नरखेड तालुक्यात तिचं सासर, संत्र्या-मोसंबीची बाग. आई लवकर गेली, तेव्हा माझ्या डोक्याला तेल लावण्यापासून ते शाळेतल्या मारामाऱ्या मिटवण्यापर्यंत सगळं तिनं केलं. त्या बदल्यात तिनं कधी काही मागितलं नाही. गेल्या संक्रांतीला घरी आली असताना टीव्हीवर कुठंतरी बर्फ पडत होता. बाई हलव्याचा दाणा तोंडात धरून बघत राहिली आणि म्हणाली, "बापू, मले एक डाव त्या बर्फाले हात लावून पाहाचा हाये. कसा लागते कोणजाणे."

मी म्हणालो, "नेतो ना."

एवढे दोन शब्द तोंडातून गेले आणि मी डोंगराचा जाणकार झालो.

नियोजन दुकानातच झालं. गल्ल्यासमोरच्या फळीवर मी भांडी उपडी रचली. खालचा मोठा गंज (पातेलं) म्हणजे हिमालयातलं जोशीमठ, जुनं मठाचं गाव. त्याच्यावरचा मधला गंज म्हणजे औली, जिथं हिवाळ्यात लोक पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरतात आणि त्याचे वर पैसे देतात. सगळ्यात वरची छोटी गंजी म्हणजे गोरसों बुग्याल (बुग्याल म्हणजे डोंगरमाथ्यावरचं गवताळ कुरण). वाटेत एक देऊळ आहे असं कळलं होतं, म्हणून मधे तांब्या ठेवला. माझी बायको मंदा डबा घेऊन आली होती. तिला मी पळीनं वाट दाखवू लागलो.

"सकाळी इथून निघायचं. तांब्यापाशी नाश्ता. दुपारी गंजीवर जेवण. चहाला परत खाली."

"आणि बर्फ कुठं आहे?"

"गंजीच्या मागच्या बाजूला. सावलीत."

मी ती बाजू दाखवणार तेवढ्यात लेकीच्या आंदणाची भांडी घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक आत शिरलं, आणि दुकानभर गंज्या असताना त्याला नेमकी तीच पसंत पडली. गोरसों बुग्याल कापडी पिशवीत बसून मौद्याला गेलं. मंदा म्हणाली, "मला हे काही ठीक दिसत नाही." मी हसण्यावारी नेलं.

फोनवर वाचलं होतं की ही चढण 'मॉडरेट' आहे, म्हणजे मध्यम. या एका शब्दावर मी विसंबलो. वास्तविक नागपूरच्या माणसानं तरी विसंबायला नको होतं. सावजीच्या खानावळीत बसून "आम्हाला मिडीयम तिखट द्या" म्हणणाऱ्या पुण्याच्या पाहुण्याचं काय होतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना रिक्षात मीच बसवून दिलं होतं. मध्यम म्हणजे कुणाचं मध्यम, हे आधी विचारायचं असतं. मी विचारलं नाही.

सरावासाठी नागपुरात डोंगर म्हणावा तर सेमिनरी हिल्स. तिथं मी पहिल्या खेपेला थोडा फिरलो. दुसऱ्या खेपेला फाटकाजवळ तर्री-पोहे खाल्ले आणि परत आलो. तिसरी खेप झाली नाही. बाईचा मात्र दर आठवड्याला फोन.

"सराव करून राहिला का गा बापू?"

"रोज."

"घाम गिम निघते का?"

"चिंब होतो, बाई." हे खरं होतं. एप्रिलमध्ये इतवारीत घाम काढायला चालावं लागत नाही.

बाईला स्वतःला सराव नकोच होता. श्रावणात पचमढीच्या डोंगरांत नागद्वारची यात्रा असते. विदर्भातली माणसं जथ्यानं निघतात आणि दऱ्या, चिखल, लोखंडी शिड्या असं करत नागदेवाला जातात. बाई कित्येक वर्षं जाते आहे. त्या वाटेवर सगळे एकमेकांना 'भगत' म्हणतात, मग तो कुणीही असो. आणि तिथली आणखी एक रीत आहे. चढणाऱ्यानं धापा टाकत विचारायचं, "किती राहिलं भगत?" उतरणाऱ्यानं म्हणायचं, "आलंच भगत!" देव अजून दोन डोंगर पलीकडे असला तरी आलंच. वर गरम भजी चालू आहेत, असंही पदरचं सांगायचं. खरं अंतर सांगणाऱ्या माणसाला तिथं उद्धट समजतात. आलंच म्हणजे आलं नाही, हे चढणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं, पण त्या एका शब्दावर तो पुढचा चढ काढतो. ही रीत जरा ध्यानात असू द्या. तिच्यामुळंच पुढं मी सुटलो, आणि त्या सुटण्यानंच मला आज लिहायला बसवलं आहे.

मेच्या सुरुवातीला आम्ही निघालो. लग्नसराईत दुकान मुलावर सोडलं. बाई सकाळच्या एसटीनं गावाहून आली ती दोन पिशव्या, एक छत्री आणि नवे पांढरे बूट घेऊन. बूट पिशवीत होते, पायात चपला. "डोंगरावर घालीन. आत्तापासून काहून झिजवू?" एका पिशवीत तिखट पुऱ्या, ठेचा, मुरमुऱ्याचा चिवडा. स्टेशनवर तिनं माझ्या शर्टाच्या खिशात कांदा टाकला. उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात.

"बाई, आपण थंडीत चाललो आहोत."

"थंडीले भी चालते. राहू दे."

रेल्वेनं हरिद्वार आणि तिथून बसनं वर. गंगेच्या कडेकडेनं रस्ता एवढी वळणं घेतो की प्रत्येक वळणावर बस एकदा दरीत डोकावून येते. देवप्रयागला दोन नद्या मिळतात, एक हिरवट, एक गढूळ. हे दृश्य फार सुंदर आहे असं मंदा आणि बाई सांगतात. मी तेव्हा बसच्या मागे रस्त्याच्या कडेला ओणवा होतो. बाईनं पाठीवरून हात फिरवत आवळासुपारी तोंडात दिली आणि ड्रायव्हरला आपल्या हिंदीत बजावलं, "जरा धीरे हाको ना भाऊ. मेरा भाई नाजूक है." पूर्ण बसनं मान वळवून नाजूक भाऊ पाहून घेतला. पंचावन्न वर्षांचा, टकलाकडे झुकलेला.

जोशीमठ संध्याकाळी आलं. डोंगराच्या उतारावर एकावर एक घरं, अगदी माझ्या फळीवरच्या भांड्यांसारखी. काही घरांच्या भिंतींना रुंद भेगा. तिथली जमीन सरकते आहे, हे आपण बातम्यांत वाचलेलं असतं. त्या भेगांच्या बाजूलाच कपडे वाळत होते आणि एक बाई निवांत वाटाणे सोलत बसली होती. आम्ही नरसिंहाचं दर्शन घेतलं, शंकराचार्यांच्या काळचं म्हणून सांगतात ते तुतीचं अवाढव्य झाड पाहिलं. बाईनं त्याच्या खोडाला हात लावून विचारलं, "याले पाणी कोण देते?" बागवाल्या माणसाला देवाच्या झाडाचीही हीच काळजी.

आमच्या खोलीच्या खिडकीतून पांढरी शिखरं दिसत होती. सूर्य उतरला तसा त्यांचा रंग बदलत गेला, पिवळा, मग गुलाबी, मग राखेसारखा. बाईनं खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला, थोडा वेळ तसाच धरला आणि आत घेतला.

"लांब हाये," ती म्हणाली.

घरमालक नेगीजी बोलका माणूस. "नागपुर? अरे वाह, संतरेवाले!" म्हणत त्यांनी माल्ट्याचं सरबत आणलं. माल्टा हे तिकडचं संत्र्यासारखं फळ. बाईनं एक घोट घेतला आणि तिचा चेहरा परीक्षकाचा झाला.

"आंबट है. पानी नहीं तोडते क्या झाड का?"

"पानी तोड़ना?" नेगीजी गोंधळले.

मग बाईनं त्यांना झाडाला ताण देणं म्हणजे काय ते समजावलं. थोडे दिवस पाणी बंद करायचं, झाड घाबरतं, मग फुलतं. नेगीजी म्हणाले, "माताजी, यहाँ तो झाड़ हमें ताण देते हैं." दोघं खूप हसले. मग बाईनं मूळ मुद्दा काढला. "बरफ मिलेंगा क्या?"

"औली में तो अब घास है. गोरसों के पास नाले की छाँव में मिल जाएगी. थोड़ा चलना पड़ेगा, बस."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी जाणकारासारखी मान हलवली.

रात्री तिनं नवे बूट घालून खोलीत फेऱ्या मारल्या. मंदाला म्हणाली, "मंदा, गुडघा आता पहिल्यासारखा नाही राहिला वं. पुढच्या साली मले जमल का नाही, देव जाने. या साली होऊन जाऊ दे." मी पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं, पण ऐकलं.

सकाळी जीपनं औली. रोपवे तेव्हा बंद होता. जिथं हिवाळ्यात लोक घसरतात तो लांबरुंद उतार आता हिरवा होता आणि त्यावर गाई चरत होत्या. कडेला मोठमोठी गोल यंत्रं कापडं पांघरून उभी. हिवाळ्यात कमी पडला तर बर्फ पाडायची ती यंत्रं, असं जीपवाल्यानं सांगितलं. बाईनं एकाच्या पोटात डोकावून पाहिलं.

"इथं भी कूलर लागते का गा?"

"तो बर्फ करायचा कूलर आहे, बाई."

"मंग चालू कराले सांग ना. वर जाचं कामच नाही."

हे ती गमतीनं म्हणाली होती. मी मात्र मनातल्या मनात त्या यंत्राकडे आशेनं पाहिलं.

उतार चढून गेलं की तळं, तळ्यापाशी चहा-मॅगीची टपरी, आणि तिथून जंगल सुरू होतं. बांज (ओकसारखी डेरेदार झाडं) आणि देवदार. पायवाट तशी रुंद, पण चढ सोडायला तयार नाही. पहिल्या वळणावर माझा श्वास आवाज करू लागला. दुसऱ्यावर तो शिटी वाजवू लागला. मागून बाई, डोक्याला दुपट्टा, हातात छत्री, पायात ते झगझगीत बूट, एका लयीत येत होती आणि चालता चालता मंदाला व्याह्यांच्या घरचं भांडण तपशीलवार सांगत होती. चढावर बोलू शकणाऱ्या माणसांचा मला तेव्हा मनापासून राग आला.

म्हणून मी पुढं निघालो. वाट पाहून येतो, असं म्हणून. खरं कारण हे की माझी शिटी कुणाला ऐकू जाऊ नये.

वाटेत खरोखर देऊळ लागलं, तांब्याएवढंच. बाईनं तिथं नारळ काढला. आता ती थांबणार, पुजाऱ्याची चौकशी करणार, प्रसाद वाटणार, हे ठरलेलं. मंदा बुटातला खडा काढायला बसली. मी तसाच पुढं गेलो आणि एका वळणावर आलो. तिथं झाडं संपत होती. डाव्या हाताला डोंगर सरळ खाली गेला होता आणि खूप खाली जोशीमठ, काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तसं. माझे पाय थांबले. मी पायांना समजावलं, पाय ऐकेनात. खिशातल्या कांद्यावर हात ठेवून मी एका दगडावर बसलो आणि डोळे मिटले.

"अंकल, ठीक हो?"

एक तरुण जोडपं वरून उतरत होतं. इंदूरचं निघालं. मी हातानंच ठीक म्हटलं. मुलगी हसली. "अंकल, बस पहुँच गए! ये मोड़ है, फिर सीधा मैदान. नाला वहीं है, बर्फ़ भी है. ये देखो!" तिच्या हातमोज्यात बर्फाचा गोळा होता. "हमारा तो पिघल ही जाएगा. आप लो." आणि तिनं तो माझ्या हातावर ठेवला.

तो कसा होता ते सांगतो. टीव्हीवरच्यासारखा कापूस नव्हे. खडीसाखर जाडसर कुटावी तसा, करकरीत. त्यात देवदाराची एक सुई आणि थोडी माती होती. आधी हाताला चटका बसला, मग हात बधिर झाला, मग बोटांमधून पाणी मनगटाकडे पळालं. नाकाजवळ नेला तर ओल्या लाकडाचा वास. पंचावन्न वर्षांत मी पहिल्यांदा डोंगरावरचा बर्फ हातात घेत होतो, आणि माझ्या मनात काय आलं? बाईला हाक मारावी, असं आलं का? नाही. मनात आलं की हा बाईनं पाहिला तर ती म्हणेल, चाल, वर जाऊ. आणि हे वळण मला ओलांडावं लागेल.

"मागून माझी बहीण येते आहे, तिला दाखवा," एवढं जरी मी त्या मुलीला म्हटलं असतं, तरी चाललं असतं. ती पोरं "जय बद्री विशाल" म्हणत खाली गेली. मी बर्फ हातात धरून बसून राहिलो. खालून बाईचा आवाज येऊ लागला तसा तो गोळा दगडामागे टाकला आणि ओला हात पँटला पुसला.

बाई वळणावर आली ती प्रसादाचा तुकडा पुढं करतच. "आलं का गा?"

"नाही बाई." माझा आवाज इतका शांत निघाला की मला स्वतःचं नवल वाटलं. "खूप राहिलं अजून. तास-दीड तास चढ आहे. आणि वर बर्फही नाही. संपला म्हणतात."

मंदा लगेच म्हणाली, "मग राहू द्या. खाली मॅगी खाऊ." बाई मात्र वळणाकडे बघत होती.

"ते दोन पोरं भेटले आत्ता खाली. ते तं म्हणून राहिले, आंटी पहुँच गए, बरफ भी है."

मी हात पाठीमागे घेतला. पण बाईच पुढं म्हणाली, आणि हेच मला अजून ऐकू येतं.

"मी म्हटलं, हो बापा, असंच म्हणा. वरून येणारा आलंचच म्हणत असते. आपली रीतच हाये ते. इथं भी पाळते, बरं वाटलं." मग माझ्याकडे वळून, "तू घरचा हायेस. तू कायले खोटं सांगशील?"

मी बुटाची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"हात काहून ओला तुया?"

"पाणी प्यायलो."

तिनं वाकून माझा चेहरा पाहिला. "पांढरा फटक पडला गा तू. चाल, खाली चाल. राहिलं तं राहिलं. बर्फ काही कुठं जात नाही." उरलेला प्रसादाचा तुकडा तिनं त्या दगडावर ठेवला, ज्याच्या मागे तो गोळा विरघळत होता, वरच्या दिशेनं हात जोडले, आणि वळली. उतारावर माझा दंड धरला तो टपरीपर्यंत सोडला नाही.

उतरताना चढणारे भेटू लागले. एक भरदार देहाचे गृहस्थ छातीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी विचारलं, "माताजी, कितना है?"

"आ गया भगत!" बाई खणखणीत म्हणाली. "ये मोड के आगे."

"बर्फ़ मिली?"

"मिलेंगा, मिलेंगा. जाव!"

गृहस्थांच्या अंगात एकदम जीव आला आणि ते निघाले. बाई मला हळूच म्हणाली, "बिचारा. वर काहीच नाही, पण तेवढंच बळ येते माणसाले." पुढं भेटणाऱ्या प्रत्येकाला तिनं हेच सांगितलं. न पाहिलेल्या बर्फाची ग्वाही ती वाटत चालली होती, खोटं बोलतो आहोत असं समजून, आणि सगळं खरं होतं. त्या डोंगरावर त्या दिवशी एकच माणूस खोटं बोलला होता आणि त्याचा दंड तिनं जपून धरला होता.

टपरीवर वेगळंच संकट. टपरीवाल्यानं विचारलं, "हो आए? बर्फ़ देखी?"

"खतम हो गया ना," बाई म्हणाली.

"खतम? नहीं माताजी, कल ही तो..."

"भैया, तीन मॅगी!" मी ओरडलो.

तो मॅगीला लागला. पाणी उकळेपर्यंत त्याला पुन्हा आठवलं. "गोरसों में तो अभी..."

"और पकोडे!"

"किसने बोला आपको कि..."

"बुरांश का शरबत है क्या? तीन देना!" बुरांश हे तिकडचं लाल फूल. त्याचं सरबत मला आवडलं की नाही, सांगता येत नाही. त्याच्यावर चहा, चहावर पुन्हा मॅगी असं चाललं होतं. तो तोंड उघडायचा आणि मी काहीतरी मागवायचो.

मंदा म्हणाली, "अहो, पोट आहे की गोदाम? मघाशी तर चालवत नव्हतं."

"भूक लागली."

"खाऊ दे वं त्याले," बाईनं आपल्या मॅगीतला अर्धा भाग माझ्या बशीत लोटला. "घाबरलं लेकरू मायं."

मी तेही खाल्लं. उतारावर जीपमध्ये बसेपर्यंत माझी अवस्था देवप्रयागपेक्षा वाईट झाली होती, आणि या वेळी कुणी वळणांना दोष देऊ शकत नव्हतं.

पुढं बद्रीनाथ झालं. दर्शन चांगलं झालं, गर्दी होती. दूरच्या कड्यांवर बर्फ चमकत होता, पण जवळपास कुठं नव्हता. बाईनं दोन-तीनदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि मी चपला शोधू लागलो.

नागपूर स्टेशनवर उतरलो तर भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ. बाईनं विजयी नजरेनं माझ्या खिशाकडे पाहिलं. कांदा तिथंच होता, कोंब फुटलेला. ती एक दिवस आमच्याकडे थांबली. दुपारी पाणी घ्यायला तिनं फ्रिज उघडला. आमचा फ्रिज जुना, वरच्या खणात बर्फाचा थर साचतो. मंदा तो खरवडायला नेहमी विसरते. बाईनं चमच्यानं थोडा खरवडला, तळहातावर घेतला आणि माझ्यासमोर खुर्चीवर येऊन बसली. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"असाच असते का गा बापू, तिथला?"

खरवडलेल्या बर्फाला कुठलाच वास नसतो. त्यात देवदाराची सुई नसते. तो करकरत नाही. हे मला माहीत होतं, आणि त्या घरात फक्त मलाच माहीत होतं.

"मला काय माहीत, बाई," मी म्हणालो.

"हं. असाच असल." तिनं हात पदराला पुसला आणि पिशवी भरायला उठली. संध्याकाळच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होती. खिडकीतून म्हणाली, "नागपंचमीले येजो नागद्वारले. मी हाये ना संगं. हात धरून नेईन."

मी हो म्हटलं. मग नागपंचमीला गेलो नाही. दुकानाचं निमित्त सांगितलं. बाईही पहिल्यांदाच गेली नाही. गुडघा सुजला होता. फोनवर म्हणाली, यंदा देवाला इथूनच हात जोडले.

गावात ती सगळ्यांना सांगते की भावानं हिमालय दाखवला, फार फिरवलं, बर्फ तेवढा आमच्या नशिबात नव्हता. हे ऐकून माझ्या एका भाच्यानं मला विचारलं, "मामा, मेमध्ये वर बर्फ असते म्हणतात ना?" तेव्हा मी त्याला स्टीलच्या भावांबद्दल बरंच काही सांगितलं.

प्रवासवर्णनं बाईला आवडतात. सून तिला रात्री जेवणानंतर वाचून दाखवते. हेही दाखवील, आणि वळणाच्या जागी आल्यावर ती सुनेला थांबवून तेवढं पुन्हा वाचायला सांगेल, हे मला इथं बसून दिसतं. ती काय म्हणेल ते दिसत नाही.

बाई, बर्फ होता. वळणाच्या पुढंच होता. ती पोरं रीत पाळत नव्हती, खरं सांगत होती. आलंच होतं.

नेगीजींना मी फोन केला आहे. नाला कुठंवर जातो, वरपर्यंत खेचर मिळतं का, हे विचारून घेतलं. खेचर मिळतं. त्या वळणावरून तू खेचरावर बसून जाशील आणि मी लगाम धरून डाव्या बाजूनं चालेन, डोळे उघडे ठेवून. सेमिनरी हिल्सला जाणं सुरू केलं आहे, पोहे न खाता.

तुझा मूठभर बर्फ माझ्याकडे बाकी आहे.